विश्लेषण : चर्चचे परदेशी स्वयंसेवक दोन आठवड्यांत गावाला काय देतात? वैजापूरने विचारावेत असे प्रश्न

अमेरिका, युरोप आणि दक्षिण कोरियातील अनेक चर्च दरवर्षी आपल्या सदस्यांचे गट गरीब देशांत पाठवतात. एक-दोन आठवड्यांचा मुक्काम, शाळेच्या भिंतींना रंग, आरोग्य शिबिर, मुलांसोबत खेळ-गाणी आणि शेवटच्या दिवशी निरोप समारंभ, असा त्याचा साधारण क्रम असतो. याला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. जाणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. पण वैजापूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील गावाने असा गट आल्यास हुरळून जावे, संशयाने दार लावून घ्यावे, की आणखी काही करावे? मनमाड, नगर, जामखेड, किल्लारी अशा आसपासच्या अनुभवांत या प्रश्नाचे उत्तर सापडते.

मिशन ट्रिप म्हणजे नेमके काय?

पूर्वीचा मिशनरी आयुष्यभरासाठी यायचा. जहाजाने काही महिने प्रवास, मग मराठी शिकणे, मग काम, आणि अनेकदा इथल्याच मातीत शेवट. विमानप्रवास स्वस्त झाल्यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत दुसरा प्रकार वाढला. नोकरदार, विद्यार्थी, निवृत्त माणसे सुट्टी काढून जातात आणि परत येऊन आपापल्या कामाला लागतात. खर्चासाठी नातेवाईक, मित्र आणि चर्चमधील इतर सदस्यांकडून वर्गणी जमवली जाते.

हा आकडा लहान नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या २००५ च्या सर्वेक्षणावर आधारित अंदाजानुसार एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख चर्च सदस्य अशा दौऱ्यांवर परदेशात जात होते. परदेशातील मुक्काम बहुतेकांचा आठवडाभराचाच. एवढ्या वेळात माणूस नव्या हवामानाला आणि जेवणाला जेमतेम सरावतो.

वैजापूरचा या विषयाशी काय संबंध?

संबंध जुना आहे. वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे मराठवाड्यातील कॅथलिक मिशनच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे फादर गुरियन जाकियर या फ्रेंच धर्मगुरूंनी काम उभे केले. पुढे १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला.

गोदावरी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. बोस्टनहून आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरमध्ये १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच निघाले. सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये अमेरिकेतून मुंबईला आली, पुढे नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतीराव फुले यांनी तिची नगरची शाळा पाहिली होती. पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागच्या प्रेरणांमध्ये या भेटीचा उल्लेख होतो.

फॅरारबाई इथे ३५ वर्षे राहिल्या. आजच्या आठवडाभराच्या दौऱ्याशी तुलना केली तर फरक केवळ दिवसांचा नाही. ३५ वर्षे राहणाऱ्या माणसाच्या चुका गावाला दिसतात, त्याला त्या तोंडावर सांगता येतात आणि त्यालाही सुधारता येतात. आठ दिवसांच्या पाहुण्याला कोणी काही बोलत नाही. त्याला हार घालतात, चहा पाजतात आणि स्थानकावर सोडून येतात. त्याच्या कामाचे काय झाले, हे त्याला कधीच कळत नाही.

मनमाडचे फादर फेरर प्रकरण काय होते?

वैजापूरच्या माणसाला मनमाड परके नाही. रोटेगावला गाडीत बसले की पुढे मनमाड जंक्शन. याच मनमाडमध्ये व्हिन्सेंट फेरर या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूंनी आधुनिक महाराष्ट्रातील एक गाजलेला प्रयोग केला. ते १९५२ मध्ये भारतात आले. मनमाड परिसरात त्यांना दिसली ती कोरडवाहू शेती आणि सावकाराचे कर्ज. त्यांनी विहिरींवर भर दिला. विहीर शेतकऱ्याने स्वतः खणायची, ती खणेपर्यंत घर चालावे म्हणून धान्य, तेल आणि कर्जाची सोय संस्थेने करायची, अशी पद्धत होती.

काम वाढले तशी लोकप्रियता वाढली आणि संशयही वाढला. परदेशी पाद्री शेतकऱ्यांवर एवढा प्रभाव का टाकतो, असा प्रश्न काही राजकीय वर्तुळांत विचारला जाऊ लागला. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश मिळाला. त्याविरोधात सुमारे ३० हजार शेतकरी मनमाडहून मुंबईच्या दिशेने चालत निघाले, अशी नोंद आहे. मोर्चात बहुसंख्य हिंदू शेतकरी होते. अखेर इंदिरा गांधी यांनी मध्यम मार्ग काढला. फेरर यांनी काही काळासाठी परदेशी जावे आणि नंतर परत यावे, असे ठरले. १९६९ मध्ये ते परतले, पण महाराष्ट्रात नव्हे, तर आंध्र प्रदेशातील अनंतपूर या दुष्काळी जिल्ह्यात. पुढे त्यांनी जेझुइट संघ सोडला, लग्न केले आणि २००९ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच काम केले.

या प्रकरणातून दोन गोष्टी कळतात. पहिली, गावासाठी जीव तोडून काम करणाऱ्या परदेशी माणसामागे गाव उभे राहते. धर्म आड येत नाही. दुसरी, परदेशी माणूस कितीही चांगला असला तरी त्याचे इथे राहणे सरकारच्या परवानगीवर अवलंबून असते. त्यामुळे सगळे काम एका परदेशी माणसाभोवती बांधले असेल, तर एका आदेशाने ते उघड्यावर पडू शकते.

‘मदतीला येऊ नका’ असे कोण म्हणाले होते?

योगायोग असा, की ज्या वर्षी मनमाडचे शेतकरी एका परदेशी पाद्र्याला थांबवून घेण्यासाठी चालत होते, त्याच १९६८ मध्ये दुसरा एक कॅथलिक धर्मगुरू परदेशी स्वयंसेवकांना ‘जाऊ नका’ असे सांगत होता. त्यांचे नाव इव्हान इलिच. शाळा आणि आरोग्य व्यवस्थेवरील टीकेमुळे ते पुढे जगप्रसिद्ध झाले. मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर त्यांनी एप्रिल १९६८ मध्ये भाषण केले. त्याचा आशय असा होता : तुमचा हेतू चांगला आहे म्हणून तुमचे काम चांगले ठरत नाही. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, त्यांचे भले कशात आहे हे तुम्ही कसे ठरवणार? पाहायला या, शिकायला या, पण आम्ही मदत करायला आलो आहोत अशा समजुतीने येऊ नका.

फेरर आणि इलिच यांच्यात विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. फेरर वर्षानुवर्षे मनमाडला राहिले, लोकांच्या गरजेतून विहिरींपर्यंत पोहोचले आणि खणण्याचे काम लोकांच्याच हाती ठेवले. इलिच ज्यांना रोखत होते, ते ठरवलेला कार्यक्रम सोबत घेऊन निघाले होते.

दौऱ्याच्या खर्चाचे गणित काय सांगते?

१९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास उद्ध्वस्त केले. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील चर्चचे गट तिथे घरे बांधायला गेले. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी पुढे या घरांचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून परदेशी गटाने बांधलेले घर सुमारे ३० हजार डॉलरला पडले होते. स्थानिक ख्रिस्ती संस्थेने तसेच घर सुमारे २ हजार डॉलरमध्ये बांधले. घर कोणी बांधले, याने तिथे राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. आणखी एक निष्कर्ष चर्चना विचार करायला लावणारा होता. दौऱ्यावरून परतलेल्या बहुतेक स्वयंसेवकांच्या दानात, प्रार्थनेत वा जीवनपद्धतीतही मोठा आणि टिकाऊ बदल झाला नव्हता.

हेच गणित वैजापूरच्या मापाने मांडून पाहता येते. समजा, १२ जणांचा गट आला आणि प्रत्येकाचे विमान तिकीट ८० हजार रुपये धरले, तर केवळ तिकिटांचे ९ लाख ६० हजार होतात. गवंड्याची हजेरी ८०० रुपये धरली, तर एवढ्या रकमेत १,२०० दिवसांचे काम होते. म्हणजे चार गवंड्यांना ३०० दिवस रोजगार. शाळेची भिंत रंगवायला गावात रंगारी नसतो असे नाही. त्याला कामाची गरज असते. परदेशी पाहुणा फुकट रंगवतो, तेव्हा गावातल्या रंगाऱ्याची तेवढी हजेरी बुडते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : दौरा झाला नाही, तर हे पैसे गावापर्यंत पोहोचणारच नाहीत; लोक तिकिटासाठी वर्गणी देतात, न पाहिलेल्या गावासाठी नाही. यात तथ्य आहे. पण ही अडचण देणाऱ्याच्या मनाची आहे. ती सोडवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या चर्चची असली पाहिजे. त्याची किंमत गावाने का मोजावी?

मराठवाड्याला याचा अनुभव आहे का?

आहे, आणि मोठी किंमत मोजून मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात देशोदेशींची मदत आली. त्यात चर्चशी संबंधित संस्था होत्या, तशाच इतर धर्मांच्या, उद्योगसमूहांच्या आणि सरकारी संस्थाही होत्या. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तातडी खरी होती आणि मदतीचे मोलही कमी नव्हते.

मात्र अनेक ठिकाणी नवी गावे शहरी वसाहतीच्या नकाशावर आखली गेली. सरळ रस्ते, एकसारखी घरे, मोठमोठी अंतरे. मराठवाड्यातल्या घराला अंगण लागते, गुरांना गोठा लागतो, कडबा ठेवायला जागा लागते, भावकी शेजारी लागते. हे नकाशात फारसे बसले नाही. लोकांनी पुढे आपापल्या पद्धतीने भिंती वाढवल्या, पत्रे टाकले, घराला घरपण आणले. म्हणजे ‘आम्हाला काय हवे’ हा प्रश्न शेवटी लोकांनी स्वतःच सोडवला. तो आधी विचारला असता तर बराच खर्च आणि मनस्ताप वाचला असता.

हा दोष एका धर्माचा नाही. घाईने आलेला आणि लवकर परतणारा कोणताही मदतकर्ता, मग तो मुंबई-पुण्याचा असला तरी, हीच चूक करतो.

जामखेड आणि नगरमध्ये वेगळे काय घडले?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दाम्पत्य अमेरिकेतून शिकून परतले आणि १९७० मध्ये जामखेडसारख्या दुष्काळी भागात गेले. लोकांना आधी औषध नको होते, अन्न आणि पाणी हवे होते, हे त्यांच्या लवकर लक्षात आले. त्यामुळे कामाची सुरुवातच पोषण आणि विंधन विहिरींपासून झाली. पुढे त्यांनी गावांनी निवडलेल्या महिलांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्यातील अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. सुरुवातीला तिथे हजार बालकांमागे सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण ३० च्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडला आजही परदेशी विद्यार्थी आणि डॉक्टर येतात. पण तिथे ते शिकायला येतात. एकेकाळी निरक्षर असलेली गावातली बाई परदेशी पदवीधराला बाळंतपण, कुपोषण आणि जातीभेद यांचा परस्परसंबंध समजावून सांगते. पाहुणा आणि गाव यांच्यातले नाते इथे बरोबर उलटे होते, आणि दोघांनाही त्याचा फायदा होतो.

दुसरे उदाहरण फादर हर्मन बाखर यांचे. स्वित्झर्लंडचे हे जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात त्यांनी अनेक दशके काम केले. जर्मन निधी आणि नाबार्ड यांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांची मोठी प्रेरणा होती. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉटर’ या संस्थेचे ते एक संस्थापक. या कार्यक्रमात पैसा परदेशी होता, पण अट गावासाठी होती : आधी श्रमदान करा, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळा, गावाची समिती करा, मग निधी. डोंगरावर समतल चर खोदायला जर्मन स्वयंसेवकांची विमाने आली नाहीत. फावडे गावकऱ्यांच्याच हातात राहिले, म्हणून बांध फुटला तर तो कोणी दुरुस्त करायचा हा प्रश्नही पडला नाही.

मुलांच्या बाबतीत वेगळी काळजी का हवी?

मिशन ट्रिपमधील सर्वात लोकप्रिय कार्यक्रम म्हणजे मुलांसोबत घालवलेला वेळ. सर्वात जास्त धोकाही तिथेच आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीतील भूकंपानंतर अमेरिकी चर्चच्या १० स्वयंसेवकांना ३३ मुले सीमेपलीकडे नेताना अटक झाली. मुले अनाथ आहेत, असे त्यांना वाटत होते. त्यातील बहुतेकांचे आईवडील हयात असल्याचे नंतर उघड झाले. वाईट हेतूपेक्षा अज्ञान आणि आत्मविश्वास यांची सांगड इथे घातक ठरली.

बालगृहातील मुलांना दर महिन्याला नवे ‘काका-मावशी’ भेटतात, जीव लावतात आणि निघून जातात. ज्या मुलाने आधीच घर गमावले आहे, त्याच्यावर हे पुन्हा पुन्हा लादणे बरे नाही. भारतात बाल न्याय कायदा २०१५ नुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी बंधनकारक आहे आणि अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. म्हणजे पाहुण्याने काढलेला आणि समाजमाध्यमावर टाकलेला हसरा फोटोही गुन्हा ठरू शकतो. हा नियम परदेशी पाहुण्यांइतकाच वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहात जाणाऱ्या स्थानिक मंडळींनाही लागू आहे.

कायदा काय सांगतो?

भारतात मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा आहे. पर्यटक म्हणून येऊन धर्मप्रचार करता येत नाही. ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिन्याचे, कोणताही मोबदला नसलेले स्वयंसेवी काम करण्याची मुभा आहे. पण या मुभेत धर्मप्रचार येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांनीही हे लक्षात ठेवावे. २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांनाही मिशनरी कामासाठी विशेष परवानगी लागते.

पैशांसाठी विदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजेच ‘एफसीआरए’ आहे. नोंदणी वा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे आणि एका संस्थेला मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. शेवटची अट तालुक्याच्या पातळीवर सर्वाधिक जाचक ठरते, कारण लहान संस्था मोठ्या संस्थेमार्फतच निधी मिळवत असत. पाहुण्याने निघताना सरपंचाच्या किंवा पाळकाच्या हातात ठेवलेले पाकीट, मग ते कितीही प्रेमाने दिलेले असो, यजमानाला अडचणीत आणू शकते.

परदेशी डॉक्टरला इथे रुग्ण तपासायचे असतील, तर तात्पुरती नोंदणी लागते. मायदेशातील पदवी पुरेशी नाही. तसेच परदेशी पाहुणा ज्याच्याकडे मुक्कामाला असेल, त्याने २४ तासांत नोंद करावी लागते. हे नियम बदलत असतात, त्यामुळे गट निघण्यापूर्वी ताजे नियम तपासणे यजमान संस्थेच्या हिताचे आहे. नियम मोडला तर पाहुणा विमानाने परत जातो. चौकशीला तोंड द्यायला यजमान मागे उरतो.

धर्मांतराच्या संशयाचे काय करायचे?

हा प्रश्न टाळून या विषयावर बोलता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लाऊस प्रकरणात स्पष्ट केले, की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. म्हणजे आपला धर्म सांगता येतो, पण औषध, धान्य वा शाळाप्रवेश यांच्या बदल्यात श्रद्धा मागता येत नाही.

नैतिकदृष्ट्याही हीच रेषा योग्य आहे. उपाशी माणसासमोर ताट ठेवून अट घालणे हे मदतीचे रूप नव्हे. त्याच वेळी, प्रत्येक ख्रिस्ती पाहुण्याकडे वा प्रत्येक चर्चकडे संशयाने पाहणे हाही अन्याय आहे. वैजापूर आणि गंगापूर परिसरातील ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथली आहेत, मराठी बोलतात, याच शेतात राबतात. परदेशी पाहुणा बेफिकिरीने वागला, तर त्याचा त्रास या कुटुंबांना भोगावा लागतो. म्हणून पाठवणाऱ्या चर्चने इथल्या ख्रिस्ती समाजाचे आधी ऐकले पाहिजे. ‘या’ म्हणण्याचा आणि ‘आता नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांचा असला पाहिजे.

पारदर्शकता हाच संशयावरचा उपाय. कोण येणार, किती दिवस, कोणत्या व्हिसावर, कोणते काम, किती पैसा, हे ग्रामसभेत उघड सांगितले, तर अफवेला जागा उरत नाही. जे ग्रामसभेत सांगता येत नाही, ते मुळातच करू नये.

मग पाहुण्यांना नकोच म्हणायचे का?

नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना प्रसूतीतील गुंतागुंत हाताळायला शिकवणारी अनुभवी परिचारिका, कृत्रिम पाय बसवण्याचे तंत्र स्थानिक कारागिराला देणारा तज्ज्ञ, भूजल मोजायला शिकवणारा अभियंता, यांचे दोन आठवडेही मोलाचे ठरू शकतात. त्यांनी मागे ठेवलेले कौशल्य इथेच राहते. तोच पाहुणा दरवर्षी त्याच गावात येत असेल, थोडी मराठी शिकला असेल आणि गेल्या वर्षीच्या कामाचे काय झाले हे विचारत असेल, तर तो पाहुणा राहत नाही, ओळखीचा माणूस होतो.

शिकायला येणाऱ्यांसाठी तर वैजापूरमध्ये भरपूर आहे. नांदूर मधमेश्वर कालव्याचे आवर्तन येते त्या गावांत काय पिकते आणि कालवा न पोहोचलेल्या गावांत काय पिकते, कांद्याचा भाव पडला की घराचे गणित कसे बदलते, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलांची शाळा कशी सुटते, हे पाहून परतलेला माणूस आपल्या देशात अधिक जबाबदार ग्राहक, मतदार आणि दाता होऊ शकतो. मात्र त्याने त्याला ‘सेवा’ म्हणू नये. ते शिक्षण आहे आणि शिक्षण देणारे गाव आहे. त्यामुळे राहण्या-जेवणाचे आणि वाटाड्याचे पैसे गावाला रीतसर मिळाले पाहिजेत.

गावाने कोणते प्रश्न विचारावेत?

पाहुण्यांचा मेल किंवा फोन आला की यजमान संस्थेने, पाळकाने वा ग्रामपंचायतीने पाच प्रश्न विचारावेत.

१. हे काम कोणी मागितले? गावाने, की पाठवणाऱ्या चर्चच्या कार्यक्रमपत्रिकेने?

२. हेच काम करणारा माणूस गावात आहे का? असेल तर त्याला मजुरी देऊन काम का करून घेऊ नये?

३. पाहुणे गेल्यावर सहा महिन्यांनी हे काम कोण सांभाळणार? त्याचे नाव आणि खर्चाची सोय आजच ठरली आहे का?

४. व्हिसा, एफसीआरए, डॉक्टरांची नोंदणी आणि मुलांच्या सुरक्षेचे नियम पाळले जात आहेत का? फोटो कोणाच्या परवानगीने काढले जाणार?

५. काम बिघडले तर गावाने कोणाला जाब विचारायचा?

पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या चारांची उत्तरे कितीही गोड असली तरी नम्रपणे नकार द्यावा. जो गावाला उत्तर द्यायला बांधील नाही, त्याच्या हाती गावाचे निर्णय देऊ नयेत. हे परदेशी चर्चला लागू आहे, तसेच शहरातून येणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला, कंपनीच्या सीएसआर विभागाला आणि निवडणुकीपूर्वी शिबिर घेणाऱ्या पुढाऱ्यालाही लागू आहे.

सेवा म्हणजे काय, हे या भागाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताहात गावोगावच्या घरांतून भाकरी येतात, आमटी तिथे शिजते आणि हजारो सेवेकरी वाढायला उभे राहतात. त्यात कोणाचे नाव भाकरीवर लिहिलेले नसते आणि काम कोणते करायचे हे यजमान मंडळी ठरवतात. परदेशातून येणाऱ्या स्वयंसेवकाने एवढी एक रीत पाळली, सांगितले ते काम केले आणि वाढपी म्हणून पंगतीच्या मागे उभे राहण्याची तयारी दाखवली, तर त्याचे दोन आठवडे वाया जाणार नाहीत. त्याला सांगण्याजोगे काम आधी ठरवून ठेवणे ही मात्र गावाची जबाबदारी आहे.